शेणकिड्याचे शिक्कामोर्तब

वर्धा जिल्ह्याच्या सेलू तालुक्यातले हिंगणी हे बोर व्याघ्रप्रकल्पाला लागून असलेले गाव. पावसाळा लागला की या भागातल्या गायरानात शेणाचा पो पडायचा अवकाश, भुंगेरे त्यावर येऊन उतरतात. काही पोखालीच बिळे करून शेण आत ओढतात, काही त्याचा गोळा वळतात आणि मागच्या पायांनी लोटत दूर नेऊन पुरतात. असे गोळा लोटणारे जिम्नोप्लूरस आणि सिसिफस वंशांतले शेणकिडे मध्य भारतात सर्रास आढळतात. त्यांना खाद्याची ददात नाही. गवळाऊ ही वर्ध्याची स्वतःची गाय, आणि जंगलात रोही, सांबर, गवा आहेतच. सूर्यही इथला काही कमी तापत नाही. म्हणजे प्राचीन इजिप्तने ज्या सामग्रीतून एक देव आणि एक ताईत घडवला, ती झाडून सगळी सामग्री, गुरे, शेण, किडा आणि रणरणते ऊन, बोरच्या काठीही हजारो वर्षे हजर आहे. तरी शेणकिड्याचा ताईत गळ्यात बांधायची रीत इथे पडली नाही. इजिप्तने मात्र दीड-दोन हजार वर्षे हा किडा दगडात कोरला, त्यावर निळी-हिरवी झिलई चढवली आणि राजापासून घरधनिणीपर्यंत सगळ्यांनी तो बोटात नाहीतर गळ्यात घातला. हा फरक कशाने पडला? ‘त्यांची श्रद्धा वेगळी होती’ हे उत्तर तोंडावर येते. माझ्या मते ते उत्तर अर्धे आहे आणि तेही कमी महत्त्वाचे अर्धे. स्कॅरॅब, म्हणजे शेणकिड्याच्या रूपातला हा ताईत, घडला तो किड्यापेक्षा दगडामुळे, भट्टीमुळे आणि कचेरीमुळे.

श्रद्धेची बाजू आधी नीट मांडली पाहिजे, कारण ती खोटी नाही. भूमध्य समुद्राभोवती आढळणारा स्कॅराबियस सेसर हा शेणकिडा गोळा लोटत नेतो, तसा कोणीतरी सूर्याचा गोळा आकाशातून लोटत नेत असावा, ही कल्पना इजिप्तमध्ये रुजली. उगवत्या सूर्याचे रूप म्हणजे खेप्री, आणि खेप्रीचे चिन्ह म्हणजे हा किडा. चित्रलिपीत याच किड्याच्या चित्राने ‘होणे’, ‘अस्तित्वात येणे’ हा अर्थ लिहिला जाई, म्हणून राजांच्या नावांतही तो वारंवार येतो. जमिनीत पुरलेल्या गोळ्यातून नवा किडा बाहेर पडतो, मग मेलेला माणूस का पडू नये, हा पुढचा तर्क. निरीक्षण बारीक होते, पण पक्के नव्हते. लोटत नेलेला गोळा बहुधा निव्वळ शिदोरी असते. अंडे घालायचा गोळा मादी जमिनीखाली वेगळा घडवते, तो पेरूसारखा निमुळता असतो आणि अंडे त्याच्या निमुळत्या टोकात असते, हे फ्रान्सच्या जाँ आंरी फाब्रने एकोणिसाव्या शतकात पाळत ठेवून दाखवले. चित्रांतही गंमत आहे. खरा किडा डोके खाली घालून मागच्या पायांनी गोळा ढकलतो, तर इजिप्तच्या चित्रांत आणि दागिन्यांत तो सूर्यबिंब पुढच्या पायांत धरून असतो. देवाने उलटे चालणे चित्रकाराला बरे दिसले नसावे! मात्र या किड्याचे आकाशाशी नाते जोडण्यात ती मंडळी अगदीच चुकली नव्हती. अमावास्येच्या रात्री सरळ रेषेत जाण्यासाठी आफ्रिकेतला एक शेणकिडा आकाशगंगेच्या पट्ट्याचा आधार घेतो, असे मारी डाके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली प्रयोगाने सिद्ध केले.

पण या श्रद्धेने एकाच प्रश्नाचे उत्तर मिळते: किडाच का? बाकीचे प्रश्न तसेच राहतात. इजिप्तमध्ये पवित्र प्राण्यांना तोटा नव्हता. ससाणा होता, मांजर होते, मगर, गाय, बेडूक, नाग, सगळे होते. त्या सगळ्यांचे ताईत झाले. तरीही संख्येत स्कॅरॅबच्या जवळपास कोणी पोचले नाही. जगभरच्या संग्रहालयांत आज ते हजारोंनी आहेत, अगदी लहान संग्रहातही दोन-चार सापडतात. मग बाकीच्यांना मागे टाकण्याइतके या किड्याकडे काय होते?

त्यासाठी एक साधा स्कॅरॅब हातात घेतल्यासारखा पाहू. लांबी दीड-दोन सेंटिमीटर, फार तर अंगठ्याच्या नखाएवढी. पाठ फुगीर. पुढे डोक्याची दातेरी कड, तिच्यामागे छातीची आडवी रेघ, मग दोन पंखांच्या कवचांमधली उभी रेघ. काही नमुन्यांत खांद्याशी दोन छोट्या त्रिकोणी खुणा असतात. बाजूंना पाय कोरलेले, कधी नीट, कधी नुसती खाच. डोक्याकडून शेपटाकडे आरपार भोक, दोरा किंवा तार ओवण्यासाठी. आता तो उलटा करा. खऱ्या किड्याच्या पोटाचा इथे मागमूस नाही. आहे तो सपाट, लंबगोल पाटा आणि त्यावर खोल कोरलेले काहीतरी: गुंतलेली वलये, कमळ, एखादा प्राणी, राजाचे नाव, अधिकाऱ्याचा हुद्दा. पाठीवरची झिलई बहुधा झडून गेलेली असते आणि दगड पांढरट किंवा तपकिरी दिसतो, पण पोटावरच्या रेघांच्या खाचांत निळसर हिरवा रंग अजून धरून बसलेला असतो. ज्याने ही वस्तू केली त्याने सगळे बारीक काम पोटाच्या बाजूला केले. पाठीवर किडा ओळखू आला की त्याचे भागत होते. नुसता किडा पुजायचा असता तर हे उलटे असायला हवे होते.

आता दगड. बहुसंख्य स्कॅरॅब ज्या दगडाचे आहेत तो आपल्या ओळखीचा आहे: शंखजिरे. बाळाला न्हाऊ घातल्यावर लावायची पांढरी टाल्कम पूड याच खनिजाची. कठीणपणाच्या मोहस श्रेणीत त्याचा क्रमांक पहिला, म्हणजे सगळ्यांत मऊ, नखानेही ओरखडा उठतो. लोखंड नसलेल्या काळात हा मोठाच गुण. तांब्याची टोकदार सळई किंवा गारगोटीचे पाते घेऊन दीड सेंटिमीटरच्या जागेत पाच-सहा चित्राक्षरे सुबक कोरता येतात. अकीक किंवा गारेसारख्या दगडात तेवढेच काम करायला कितीतरी पट वेळ आणि घासायला कठीण रेती लागते. पण मऊ दगडाचा तोटाही उघड आहे. रोज हाताळला की रेघा पुसणार, कडा झिजणार.

हा पेच आगीने सोडवला. शंखजिऱ्याच्या स्फटिकात पाणी रासायनिक रूपात बांधलेले असते. साधारण ९०० ते १००० अंश सेल्सिअसपर्यंत तापवले की ते निघून जाते आणि मागे वेगळीच खनिजे उरतात, मुख्यतः एन्स्टॅटाइट आणि सिलिकाचे एक रूप. त्यांचा कठीणपणा सहाच्या आसपास किंवा त्याहून वर जातो, म्हणजे ज्या तांब्याच्या सळईने दगड कोरला तीच सळई आता त्यावर चालत नाही. शिवाय मातीचे भांडे भाजताना आक्रसते, वाकते, प्रसंगी तडकते. शंखजिरे आपला आकार जवळजवळ तसाच राखते, त्यामुळे मऊपणी कोरलेली रेघ कठीणपणीही धारदार राहते. त्यावर झिलईही चांगली बसते. वाळूतले सिलिका, वनस्पतींची राख किंवा नेट्रॉन हा नैसर्गिक सोडा आणि तांब्याचे खनिज यांच्या मेळातून निळी-हिरवी काच तयार होते आणि ती दगडाच्या पृष्ठभागाशी एकजीव होते. माइक टाइट आणि मॅव्हिस बिम्सन या संशोधकांनी १९८९ साली अशा वस्तूंच्या झिलईचे थर तपासून ती कशी चढवली असावी याचा छडा लावायचा प्रयत्न केला, आणि दगडातले मॅग्नेशियम झिलईत उतरल्याचे त्यांना आढळले. ही युक्ती स्कॅरॅबपेक्षा कितीतरी जुनी आहे. वरच्या इजिप्तमधल्या बदारी संस्कृतीच्या लोकांनी इसवी सनपूर्व पाचव्या सहस्रकातच शंखजिऱ्याचे मणी कोरून, भाजून, झिलई दिलेले होते. म्हणजे किडा कोरायची वेळ आली तेव्हा कारागिराच्या हातात दोन हजार वर्षांची विद्या तयार होती.

मऊपणी लिहा आणि कठीणपणी वापरा, अशी ही विद्या. गळ्यात लटकवायच्या ताइताला एवढ्या खटाटोपाची गरज नाही. ताईत लाकडाचा चालतो, कवडीचा चालतो, चिंधीत बांधलेल्या अंगाऱ्याचाही चालतो. जिथे बारीक रेघ पुन्हा पुन्हा दुसऱ्या पदार्थावर दाबून उमटवायची असते तिथे मात्र हीच विद्या हवी, आणि ते काम म्हणजे मोहोर उठवणे. प्राचीन इजिप्तमध्ये किल्लीचे कुलूप नव्हते. दार, पेटी, पोते, रांजण, पपायरसची गुंडाळी, काहीही बंद करायचे म्हणजे दोरी बांधायची, गाठीवर ओल्या मातीचा गोळा थापायचा आणि त्यावर मोहोर दाबायची. गोळा फुटला की कोणीतरी उघडले हे कळले. बाराव्या आणि तेराव्या राजवंशांच्या काळात, म्हणजे ढोबळमानाने इसवी सनपूर्व १९०० ते १६५० या अवधीत, ही पद्धत कळसाला पोचली. लाहून या वसाहतीत आणि नाईलवरच्या न्युबियातल्या किल्ल्यांत अशा मातीच्या ठशांचे ढीग सापडले. युरोनार्ती किल्ल्यात तर ते हजारोंनी निघाले. कोठाराची किंवा कार्यालयाची मोठी मोहोर आणि त्यावरच कामावरच्या माणसाच्या स्कॅरॅबचा छोटा ठसा, असे दुहेरी ठसे तिथे आहेत. मराठी दप्तरांशी ओळख असलेल्याला यात नवल वाटू नये. पत्राच्या माथ्यावर मुख्य मुद्रा आणि मजकूर संपला तिथे मोर्तब, म्हणजे मागाहून कोणी ओळ घुसडू नये, ही आपल्याकडचीही रीत होती. संशय हा राज्यकारभाराचा स्थायीभाव आहे, तो नाईलवर वेगळा नव्हता. त्याच काळात खजिनदार, कारभारी, लेखनिक यांची नावे आणि हुद्दे कोरलेले स्कॅरॅब मोठ्या संख्येने दिसू लागतात, आणि त्यांत ‘घरधनीण’ अशी ओळख कोरलेल्या बायकांचेही आहेत.

इथे जाणकार वाचक हात वर करील. सगळ्यांत जुने स्कॅरॅब, इसवी सनपूर्व २००० च्या आधीचे, कचेऱ्यांत सापडलेले नाहीत. ते सापडले थडग्यांत, आणि तीही बरीचशी बायका-मुलांची. त्यांच्या पोटावर नाव नाही, हुद्दा नाही, नुसती नक्षी. मग ताईत आधी आणि मोहोर नंतर, असेच म्हणायला नको का? आक्षेप खरा आहे, आणि तो मान्य केल्याने माझे म्हणणे पडत नाही, उलट नेमके होते. त्या पहिल्या काळात स्कॅरॅब एकटा नव्हता. गुंडीसारख्या पाठीचे, माणसाच्या तोंडाचे, निरनिराळ्या प्राण्यांच्या आकाराचे असे कितीतरी छोटे, सपाट तळाचे ताईत त्याच्या बरोबरीने होते. ‘मध्य राज्य’ म्हणतात त्या कालखंडाच्या सुरुवातीला त्यांची गर्दी ओसरते आणि किडा पुढे येतो. त्याला पुढे आणण्यात श्रद्धेचा हात होता, हे मी नाकारत नाही. आकारही सोयीचा होता: चिमटीत धरायला फुगीर पाठ, दाबायला लंबगोल तळ, कुठेही मोडण्यासारखे कान-शेपूट नाही. पण पुढे आलेला आकार दीड-दोन हजार वर्षे टिकतो आणि देशभर हजारोंनी घडतो, हे ताइतांच्या नशिबी सहसा नसते. ते घडले कारभाराने त्याला हाताशी धरल्यावर. आणि मग एक उलटा प्रवाह सुरू झाला. मोहोरेचा धाक ताइतात उतरू लागला.

याचा पुरावा मोहोर म्हणून कधीच न वापरलेल्या स्कॅरॅबांतच आहे. इसवी सनपूर्व १७०० ते १५५० च्या सुमारास कनान प्रदेशात, आजच्या इस्रायल-पॅलेस्टाइनच्या भूमीत, स्थानिक कारागीरही शंखजिऱ्याचे स्कॅरॅब कोरू लागले. त्यांतल्या कित्येकांच्या पोटावर दोन-तीन चित्राक्षरे अशा क्रमाने पुन्हा पुन्हा येतात की त्यांतून वाक्य सोडा, शब्दही जुळत नाही. कोरणाऱ्याला लिपी येत नव्हती, घालणाऱ्यालाही नसावी. तरी अक्षरे हवीच होती. सूर्यदेवासाठीच हे चालले असते तर पाठीवरचा किडा पुरला असता. त्यांना पोटही हवे होते, कारण ताकद पोटात आहे अशी समजूत तोवर झालेली होती. दुसरे उदाहरण थुतमोस तिसरा या राजाचे. तो इसवी सनपूर्व १४२५ च्या सुमारास वारला. त्याचे राज्याभिषेकाचे नाव मेनखेपेररे, ज्यात खुद्द स्कॅरॅबचे चिन्ह आहे. हे नाव कोरलेले स्कॅरॅब त्याच्या मृत्यूनंतर कित्येक शतके बनत राहिले. मेलेल्या राजाच्या सहीची कोठाराला गरज नव्हती. राजाची मोहोर हीच रक्षा, अशी ती भावना आहे, आणि ती येण्यासाठी आधी कुठेतरी खरी मोहोर खऱ्या दारावर उठलेली असावी लागते. एक सावधगिरी इथेच सांगायला हवी. थडग्यात अमुक राजाच्या नावाचा स्कॅरॅब निघाला म्हणून ते थडगे त्या राजाच्या काळाचे ठरत नाही. तुर्कस्तानच्या किनाऱ्यावर उलुबुरुन इथे १९८२ साली सापडलेल्या बुडित जहाजात इजिप्तच्या नेफर्तिती राणीचा सोन्याचा स्कॅरॅब होता. त्यावरून एवढेच म्हणता येते की जहाज तिच्या आधी बुडालेले नाही.

आणखी दोन आक्षेप. मृताच्या छातीवर ठेवायचा ‘हृदय-स्कॅरॅब’ मोठा असतो, बहुधा कठीण हिरव्या दगडाचा. त्याच्या पोटावर मृतांच्या ग्रंथातला तिसाव्या क्रमांकाचा मंत्र असतो: परलोकातल्या न्यायनिवाड्यात माझ्या हृदयाने माझ्याच विरुद्ध साक्ष देऊ नये. इथे ना शंखजिरे, ना मोहोर, निखळ श्रद्धा. पण हा प्रकार छोट्या स्कॅरॅबनंतर काही शतकांनी, मध्य राज्य ओसरतानाच दिसू लागतो. तोवर हा आकार म्हणजे पक्केपणाची खूण झाला होता. शिवाय मंत्र कुठे कोरला आहे? पोटावरच, आणि तोही साक्षी-पुराव्याच्या, कोर्टकचेरीच्या भाषेत. दुसरा आक्षेप फेयॉन्सचा. गारेची पूड मळून साच्यात दाबून केलेल्या, झिलईच्या फेयॉन्सचे स्कॅरॅब नंतर ढिगाने बनले. अमार्ना इथे फ्लिंडर्स पेट्रींना १८९१-९२ च्या उत्खननात अंगठ्या आणि ताइतांचे हजारो साचे मिळाले. नाईलच्या त्रिभुज प्रदेशातल्या नॉक्रातिस या ग्रीक वसाहतीत इसवी सनपूर्व सहाव्या शतकात स्कॅरॅबचा अख्खा कारखाना चालत होता आणि तो माल ग्रीक जगात विकला जाई. मग दगडाचे एवढे कौतुक कशाला? कारण साच्यातून निघालेली रेघ बोथट असते आणि कोरलेली रेघ तीक्ष्ण. जेव्हा ठसा नकोच, नुसते रूप हवे, तेव्हा साचा परवडतो. फेयॉन्सचा पूर आला तो मोहोरेचे मूळ काम मागे पडत गेल्यावर, असे मला वाटते.

पोटाचे महत्त्व राजदरबाराने किती ओळखले होते हे आमेनहोतेप तिसरा याने दाखवले. इसवी सनपूर्व चौदाव्या शतकातल्या या राजाने मोठे, पाच ते अकरा सेंटिमीटरचे स्कॅरॅब काढले, बहुतेक झिलईच्या शंखजिऱ्याचेच, आणि त्यांच्या पोटावर दाट ओळींत बातम्या कोरल्या. तीये राणीशी झालेला विवाह, रानबैलांची शिकार, कारकिर्दीच्या पहिल्या दहा वर्षांत स्वतः मारलेले १०२ सिंह, मितान्नी या राज्याची राजकन्या गिलुखेपा ३१७ स्त्रियांचा लवाजमा घेऊन आल्याची वार्ता, आणि राणीसाठी खोदलेला तलाव. असे दोनशेहून जास्त स्कॅरॅब आज शिल्लक आहेत आणि ते सुदानपासून सीरियापर्यंत सापडले आहेत. एवढा मोठा किडा कोणी बोटात घालणार नव्हते, आणि सिंहांचा आकडा हा काही मंत्र नव्हे. हे सरकारी पत्रक होते, आणि पत्रक काढायला मोहोरेहून अधिक भरवशाचा आकार राजाला सुचला नाही.

आता पुन्हा आपल्या बाजूला यायला हरकत नाही, कारण हाच दगड आणि हीच आग सिंधू संस्कृतीतही होती. मोहेंजोदडो-हडप्पाच्या प्रसिद्ध चौकोनी मुद्रा शंखजिऱ्याच्याच आहेत: कोरलेल्या, वर लेप दिलेल्या, भाजून पांढऱ्या आणि टणक केलेल्या, मागे भोक पाडलेला मुठीसारखा उंचवटा असलेल्या. गुजरातेत झेकडा इथे याच खनिजाचे मिलिमीटरभर रुंदीचे हजारो मणी मिळाले. नाईल आणि सिंधू इतक्या सारख्या, तर एकीने दुसरीकडून शिकले असेल का? मला तसे दिसत नाही. बलुचिस्तानातल्या मेहरगडला भाजलेल्या शंखजिऱ्याचे मणी फार जुने आहेत, म्हणजे ही विद्या इथे इथल्या पायऱ्या चढत आलेली आहे. शिवाय मोहोर प्रवास करून आली असती तर वाटेत मेसोपोटेमिया होता, आणि तिथे मोहोर म्हणजे लाटण्यासारखा फिरवायचा दंडगोल. सारखेपणा दगडाच्या स्वभावात आहे. जिथे लिपी, मालाची ने-आण आणि मऊ दगड एकत्र आले तिथे माणसाने तीच वाट काढली. फरक पडला तो चित्रात: तिकडे शेणकिडा, इकडे एकशिंगी आणि वशिंडाचा बैल. श्रद्धेचे राज्य तेवढ्या चित्रापुरते.

महाराष्ट्रात ही सिंधूची लाट प्रवरेकाठच्या दायमाबादपर्यंत आली. एस. ए. साळी यांच्या १९७५ ते १९७९ च्या उत्खननात तिथे सिंधू चिन्हे असलेल्या गुंडीसारख्या दोन मुद्रा निघाल्या, पण त्या दगडाच्या नव्हत्या, भाजलेल्या मातीच्या होत्या. कल्पना पोचली, विद्या पोचली नाही. विदर्भ तर आणखी वेगळ्या वाटेने गेला. नागपूरजवळच्या माहूरझरीला शां. भा. देव यांनी १९७० ते ७२ मध्ये महापाषाणी शिलावर्तुळे खणली. वर्धा जिल्ह्यात खैरवाड्यालाही अशा वर्तुळांचे मोठे क्षेत्र आहे. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातले हे लोक लोखंडात पटाईत होते, घोड्याला तांब्याचे अलंकार घालत होते, आणि माहूरझरीत अकीक, कार्नेलियन, जास्परचे मणी घडवत होते. बेसाल्टच्या काळ्या पठाराने त्यांना हेच कठीण दगड दिले. कठीण दगड घासतात, उजळतात, त्याला भोक पाडतात, पण त्यावर कोणी सहजासहजी लिहीत नाही. त्याच शतकांत इजिप्तमध्ये स्कॅरॅब अजून बनत होते.

यावर कोणी म्हणेल, हा तर नुसता भूगोल झाला, दगड ठरवील ते माणूस करील. तसे मी म्हणत नाही. शंखजिरे पूर्व विदर्भातल्या जुन्या रूपांतरित खडकांतही मिळते, म्हणजे दगड हवाच असता तर फार लांब जावे लागले नसते. नव्हती ती गरज. माहूरझरीच्या समाजाकडे लिपी नव्हती, आणि दोरीच्या गाठीवर नाव उठवील असा कारकून नव्हता. पुढे तो आला. पाचव्या शतकात वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन दानपत्रे देऊ लागला. त्यांपैकी जांब आणि बेलोरा इथले ताम्रपट वर्धा जिल्ह्यातच सापडले. त्याची राजधानी प्रवरपूर म्हणजे धाम नदीवरचे पवनार, असे वा. वि. मिराशी यांनी मांडले. या ताम्रपटांच्या कडीवर मुद्रा आहेत, पण त्या धातूच्या, आणि त्यांवर राजशासनाचा मजकूर. लोखंड-तांबे वितळवणाऱ्या समाजाला मऊ दगड कोरून भाजायचे कारण उरले नव्हते. मोहोर राजाकडे राहिली आणि ताईत गोरगरिबांकडे, दोघांची गाठ कधी पडली नाही. प्राणी घडवायची हौस मात्र इथे भरपूर होती आणि आहे. तान्ह्या पोळ्याला विदर्भातली पोरे लाकडी नंदी घेऊन निघतात, आणि सेलू तालुक्यातल्याच सिंदी रेल्वेचा तान्हा पोळा थोरल्या लाकडी नंदींसाठी ओळखला जातो. शेण देणारा प्राणी पूज्य झाला, शेण लोटणारा झाला नाही. पण मानले की शेणकिडाच पूज्य झाला असता, तरी तो पोळ्याच्या नंदीसारखा लाकडाचा झाला असता, मोहोर झाला नसता.

इजिप्तमध्ये ही परंपरा टॉलेमी राजांच्या काळापर्यंत ओसरली, पण कृती इतकी सोपी की एकोणिसाव्या शतकात प्रवाशांची झुंबड उडाल्यावर लक्सॉरच्या कारागिरांनी ती पुन्हा हाती घेतली. अमेलिया एडवर्ड्स यांनी १८७७ च्या आपल्या प्रवासवर्णनात या नकली मालाचे मजेदार वर्णन केले आहे. नवा स्कॅरॅब जुना दिसावा म्हणून तो टर्की कोंबड्याला गिळायला लावत, पोटातून बाहेर पडेपर्यंत त्याला प्राचीनपण आलेले असे. आजचे अभ्यासक नकली माल पकडतात तो मुख्यतः पोटावरच्या अक्षरांवरून, कारण किडा कोणालाही कोरता येतो, पण इसवी सनपूर्व चौदाव्या शतकातल्या कारकुनाचा हुद्दा चुकवल्याशिवाय लिहिणे अवघड. पर्सी न्यूबेरी यांनी १९०६ मध्ये आणि पेट्री यांनी १९१७ मध्ये काढलेल्या स्कॅरॅबच्या सूचींतही मुख्य जागा पोटाच्या चित्रांना आहे, पाठीचे प्रकार मागाहून येतात. संग्रहालयांच्या कपाटांत मात्र बहुतेकदा उलटे असते: किडा पाठ वर करून ओळीने मांडलेला आणि खाली ‘ताईत’ अशी चिठ्ठी. शेजारी एक छोटा आरसा किंवा मातीत उठवलेला ठसा ठेवला, तर पाहणाऱ्याला ती मोहोर आहे हे चिठ्ठीशिवाय कळेल.